गोळीतलं औषध आणि बाकीचं सगळं

या महिन्याच्या पत्रांत औषधापेक्षा औषधासोबत येणाऱ्या गोष्टींबद्दलच जास्त विचारलं आहे. ५ मिलिग्रॅम अॅम्लोडिपिनची गोळी तराजूवर ठेवली तर ती शंभर-दोनशे मिलिग्रॅम भरते. वरच्या वजनाला कागदोपत्री ‘निष्क्रिय घटक’ म्हणतात, फार्मसीवाले एक्सिपिअंट म्हणतात. रोगावर ते काही करत नाहीत, एवढाच त्या ‘निष्क्रिय’चा अर्थ. औषध कधी, कुठे आणि किती वेगाने सुटायचं, हे मात्र तेच ठरवतात.

प्रश्न : आईला शुगरसाठी मेटफॉर्मिन ५०० एसआर चालू आहे. दोनदा शौचात अख्खी गोळी दिसली. म्हणजे औषध लागूच पडत नाही का? गोळी मोठी असल्याने तिला गिळवत नाही, म्हणून मी आता ती खलबत्त्यात कुटून देते. चालेल ना?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : कुटणं आजच थांबवा. शौचातल्या गोळीची मात्र बहुतेक वेळा काळजी नसते.

एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळीत मेटफॉर्मिन हायप्रोमेलोज नावाच्या पॉलिमरमध्ये कालवलेलं असतं. हा पॉलिमर सेल्युलोजपासून, म्हणजे लाकडाच्या किंवा कापसाच्या लगद्यापासून बनवतात, आणि गोळीच्या वजनाचा बराच मोठा भाग तोच व्यापतो. म्हणून ती एवढी मोठी. पोटातलं पाणी लागलं की पृष्ठभागावरचा हायप्रोमेलोज काही मिनिटांत फुगून बुळबुळीत जेल होतो. भिजवलेल्या सब्जाभोवती जसा थर येतो, तसाच. आतलं औषध या जेलमधून झिरपत बाहेर येतं, बाहेरचा जेल हळूहळू झिजतो, पाणी आणखी आत शिरतं. मेटफॉर्मिन पाण्यात फार सहज विरघळतं, त्यामुळे इथे दाट जेल देणारा प्रकार लागतो. के४एम आणि के१००एम अशी नावं असतात. दोन टक्के द्रावणाची चिकटता पहिल्याची सुमारे ४,००० आणि दुसऱ्याची सुमारे १,००,००० मिलिपास्कल-सेकंद.

सेल्युलोज पचवणारं एन्झाइम माणसाकडे नाही. औषध निघून गेल्यावर उरलेला मऊ लगदा तसाच बाहेर पडतो, आणि कधी कधी गोळीचा आकार टिकवून. दाबला तर तो चिखलासारखा पसरतो. मात्र त्याच दिवसांत साखर वाढलेली दिसत असेल किंवा जुलाब होत असतील, तर डॉक्टरांना सांगा. आतडं घाईत असेल तर गोळी पूर्ण रिकामी व्हायच्या आत पुढे सरकू शकते.

कुटल्यावर ही सगळी रचनाच मोडते. दिवसभरात सुटायचा डोस एकदम सुटतो, मळमळ आणि जुलाब वाढतात आणि रात्रीपर्यंत असर संपतो. गिळवत नसेल तर डॉक्टरांना साधी मेटफॉर्मिन विचारा. तीच मात्रा जेवणासोबत दोन-तीन वेळा विभागून देता येते.

स्ट्रिपवर नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर असं काही असेल तर ती गोळी कुटायची नाही. मधोमध रेघ असेल तर अशा काही गोळ्या अर्ध्या करता येतात, पण ते औषधविक्रेत्याला विचारूनच. डीआर किंवा ईसी लिहिलेल्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्यांचं कारण वेगळं. त्यांच्यावर मेथाक्रिलिक आम्लाच्या कोपॉलिमरचं वेष्टण असतं. पोटातल्या आम्लात ते टिकतं आणि पीएच ५.५ च्या वर, म्हणजे आतड्यात पोचल्यावर विरघळतं. ते फोडलं तर आतलं औषध पोटातलं आम्लच नासवून टाकतं. ओमेप्राझोलच्या कॅप्सूलमध्ये मात्र हेच वेष्टण प्रत्येक दाण्याला असतं. ती उघडून दाणे चमचाभर गार, आंबटसर फळाच्या गरावर टाकून न चावता गिळले तर चालतं.

प्रश्न : मला दूध पचत नाही. थायरॉइडच्या गोळीत लॅक्टोज असल्याचं वाचलं. बंद करू का?
— एक वाचक, खामला

उत्तर : करू नका. त्या गोळीचं एकूण वजनच साधारण १०० मिलिग्रॅम असतं, त्यातलं सगळं लॅक्टोज धरलं तरी ०.१ ग्रॅम. कपभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात ते नऊ-दहा ग्रॅम असतं. एवढ्याशाने पोट बिघडत नाही. जन्मजात गॅलॅक्टोसेमिया, म्हणजे लॅक्टोजमधली गॅलॅक्टोज साखर शरीराला वापरता न येण्याचा आजार, असलेल्या बाळाची गोष्ट निराळी.

पण लॅक्टोज म्हणजे नुसती भर असंही समजू नका. १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियात फिटांवरच्या फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधलं कॅल्शियम सल्फेट काढून त्या जागी लॅक्टोज घातलं गेलं. औषधाचे मिलिग्रॅम तेवढेच होते, पण रक्तात ते जास्त शोषलं जाऊ लागलं आणि रुग्णांना विषबाधेची लक्षणं दिसली. फिटांच्या औषधाची कंपनी स्वस्ताईपायी डॉक्टरांना न सांगता बदलू नये, ती यामुळेच.

प्रश्न : प्रॅक्टिकलला पॅरासिटामॉल ५०० च्या गोळ्या करतोय. ग्रॅन्युल (भुकटी बांधून केलेले दाणे) रात्रभर ६० अंशांवर ठेवले. दोन टक्के मॅग्नेशियम स्टिअरेट टाकून सगळं २५ मिनिटं मिसळलं. गोळ्यांची टोपी उडते, म्हणजे वरचा थर सुटतो; म्हणून दाब वाढवला तर आणखी उडते. ज्या टिकल्या त्या अर्ध्या तासात निम्म्याच विरघळल्या. चूक कुठे?
— बी.फार्म. विद्यार्थी, हिंगणा रोड

उत्तर : चुका तीन आहेत आणि त्या एकमेकींना हात देतात.

सर्वांत मोठी चूक त्या २५ मिनिटांची. मॅग्नेशियम स्टिअरेट गोळी पंचला आणि डायला, म्हणजे दाबणाऱ्या दांड्याला आणि साच्याला, चिकटू नये म्हणून असतं. त्याचे कण पापुद्र्यासारखे. मिसळत राहिलं की ते घासून सुटे होतात आणि प्रत्येक ग्रॅन्युलवर मेणचट थर चढवतात. मग ग्रॅन्युल एकमेकांना धरत नाहीत, म्हणून गोळी कमजोर. आणि पाणी आत शिरत नाही, म्हणून विरघळणं मंद. गोळी मऊ असूनही उशिरा विरघळते तेव्हा पहिला संशय स्टिअरेटवरच घ्यायचा. स्टार्च आणि मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज दाबाखाली चेपले जातात, त्यांना हा त्रास जास्त. डायकॅल्शियम फॉस्फेटचे कण दाबाने फुटून नवा, थर नसलेला पृष्ठभाग उघडा करतात, म्हणून त्याला कमी.

६०० मिलिग्रॅमच्या गोळीसाठी हा फॉर्म्युला धरून बघा. पॅरासिटामॉल ५००, मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज ५५, पीव्हीपी के३० १८, सोडियम स्टार्च ग्लायकोलेट २४, मॅग्नेशियम स्टिअरेट ३ मिलिग्रॅम. पीव्हीपी पाण्यात विरघळवून त्याने ओलं मिश्रण बांधा. ग्लायकोलेट निम्मं ग्रॅन्युलच्या आत आणि निम्मं बाहेरून घाला. आतलं ग्रॅन्युल फोडतं, बाहेरचं गोळी फोडते. ओला लगदा १० किंवा १२ नंबरच्या चाळणीतून, वाळल्यावर २० नंबरच्या. स्टिअरेट ६० नंबरच्या चाळणीतून चाळून अगदी शेवटी घाला आणि दोन-तीन मिनिटांत थांबा. बाकीची कोरडी भर त्याआधीच दहा मिनिटं मिसळून झालेली असावी.

दुसरी चूक वाळवण्याची. रात्रभर ट्रेमध्ये ठेवलेले ग्रॅन्युल भुगाच होतात, त्यात नागपूरचा एप्रिल-मे म्हणजे आधीच कोरडी हवा. बांधणीला थोडा ओलावा लागतोच. दीड ते अडीच टक्क्यांवर थांबा, आणि तो हाताने चाचपून नव्हे तर मॉइश्चर बॅलन्सवर मोजा.

तिसरी, दाब. पॅरासिटामॉलचे स्फटिक लवचीक असतात. चेपले जातात आणि पंच वर गेला की पुन्हा उसळतात. जोडीला आत कोंडलेली हवा. दाब वाढवला की उसळीही वाढते आणि वरचा थर सुटतो. मशीनचा वेग कमी करा, प्रीकम्प्रेशनची, म्हणजे मुख्य दाबाआधी हलका दाब देण्याची सोय असेल तर वापरा, बारीक भुकटी कमी ठेवा. आणि विरघळत नाही म्हणून ग्लायकोलेट दहा-बारा टक्क्यांवर नेऊ नका. आठ टक्क्यांच्या पुढे ते स्वतःच जेल होऊन पाण्याची वाट अडवू लागतं.

प्रश्न : मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने मुलं दगावल्याच्या बातमीनंतर लहान मुलांना सिरप द्यायची भीती वाटते. सिरपमध्ये ग्लायकोल घालतातच कशाला?
— दोन लेकरांचे वडील, कामठी रोड

उत्तर : पॅरासिटामॉल पाण्यात फारसं विरघळत नाही, एका मिलिलिटरला सुमारे १४ मिलिग्रॅम. चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम द्यायचं तर मिलिलिटरला २५ लागतात. नुसत्या पाण्यात ते बसत नाही, म्हणून प्रॉपिलीन ग्लायकोल, ग्लिसरीन, सॉर्बिटॉल यांची मदत घ्यावी लागते. ठरलेल्या प्रमाणात हे घटक चालतात. घात होतो तो डायएथिलीन ग्लायकोलमुळे. ते कारखान्यांत वापरायचं द्रव्य. स्वस्त, बिनरंगी, दाट आणि चवीला गोड, त्यामुळे ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकोलच्या पिंपात ओळखू येत नाही. ते मूत्रपिंडं बंद पाडतं.

या घटकांत त्याची मर्यादा ०.१ टक्के आहे. २०२५ च्या छिंदवाड्याच्या त्या सिरपमध्ये तामिळनाडूच्या औषध प्रशासनाच्या तपासणीत ते ४८.६ टक्के निघालं. ते सिरप प्यायलेली बरीच मुलं उपचारांसाठी नागपुरातच आणली होती, आणि वीसहून जास्त दगावली. हे पहिल्यांदा घडलेलं नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या एलिक्झिरने शंभरावर बळी घेतले. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४. छिंदवाड्याच्या वेळी प्रत्येक पिंपातला नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीत, तपासला असता तर ते टळलं असतं. ती चाचणी महाग नाही, ती न करणं महाग पडतं. घरी मात्र वास, चव, रंग यांवरून काहीच कळत नाही.

तुमच्या हातात एवढंच आहे. दोन वर्षांखालच्या बाळाला खोकल्या-सर्दीचं सिरप देऊ नका. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांच्या आतल्या मुलांना नाही. बिल घ्या, बॅच नंबर जपून ठेवा. औषध सुरू असताना मुलाची लघवी कमी झाली किंवा उलट्या सुरू झाल्या तर बाटलीसकट रुग्णालय गाठा. तापासाठी सस्पेन्शन मिळालं तर त्यात औषध विरघळवलेलं नसतं, झॅन्थन गमसारख्या पॉलिमरने तरंगत ठेवलेलं असतं. न हलवता ओतलं तर पहिले डोस पातळ आणि शेवटचे जड पडतात.

प्रश्न : उन्हाळ्यात औषधं कुठे ठेवावी? फ्रिजमध्ये की कूलरच्या खोलीत?
— एक वाचक, महाल

उत्तर : कूलरच्या झोतात तर नकोच. बाहेर ४५ अंश आणि हवा कोरडी, पण कूलरसमोरच्या फडताळावर चांगली दमट. डिस्पर्सिबल, म्हणजे पाण्यात टाकून द्यायच्या गोळ्यांतले फुगणारे घटक हा ओलावा ओढतात; गोळी जागच्या जागी मऊ पडते, कडेने भुसभुशीत होते. जिलेटिनच्या कॅप्सूलच्या कवचात १३ ते १६ टक्के पाणी असतं. कोरड्या खोलीत त्या तडकतात, कूलरपाशी एकमेकींना चिकटतात. अॅस्पिरिनला व्हिनेगरसारखा वास आला तर ओलाव्याने ती फुटू लागली आहे, फेकून द्या.

आतली, भिंतीला लागून असलेली, कूलरपासून दूरची खोली बरी. गोळ्या स्ट्रिपमधून आधीच काढून डबीत भरू नका. पारदर्शक प्लास्टिकच्या स्ट्रिपमधून ओलावा थोडाफार आत जातोच, दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियम असलेल्यातून जवळजवळ नाही. फ्रिजमध्ये फक्त २ ते ८ अंश लिहिलेली औषधं. बाकीची आत-बाहेर केली की प्रत्येक वेळी त्यांच्यावर दव धरतं. औषधं घेऊन स्कूटरच्या डिक्कीत ठेवायची आणि बर्डीच्या बाजारात तासभर खरेदी करायची, हेही नको. तापाच्या सपोझिटरीचा बेस शरीराच्या उष्णतेने, ३३ ते ३७ अंशांना वितळावा म्हणूनच निवडलेला असतो; डिक्कीत तो कधीच पाणी होतो. वितळून पुन्हा घट्ट झालेल्या सपोझिटरीत औषध एका टोकाला बसलेलं असतं, ती वापरू नका.