सोलापूरच्या गिरणीकाळाच्या आठवणींवर स्मरणिका काढायची आहे. सुरुवात कोठून करावी?

सुरुवात घरातील वह्यांपासून करा, गिरणीच्या भोंग्यापासून करू नका. भोंगा वाजला की सारे गाव घड्याळ लावत असे, हे वाक्य सोलापूरवरील बहुतेक स्मरणिकांत असते आणि ते खरेही आहे; मात्र तो कोणासाठी वाजत होता, हे त्यात सहसा सापडत नाही.

माझे आजोबा येथील एका गिरणीच्या विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे कामगार भरती करणारे व त्यांच्यावर देखरेख ठेवणारे मुकादम, होते. घरी त्यांची आठवण एकाच सुरात निघते, ती अशी की त्यांनी शेकडो माणसांना कामाला लावले. बारा वर्षांपूर्वी जुने घर उतरवताना त्यांची लाल कापडी बांधणीची वही सापडली. तीत बदली कामगारांची, म्हणजे कायम कामगार गैरहजर असताना कामावर घेतल्या जाणाऱ्यांची, नावे होती आणि प्रत्येक नावापुढे दर महिन्याला दोन, तीन, क्वचित पाच रुपये मांडलेले होते. जॉबर कामावर घेण्यासाठी दस्तुरी, म्हणजे कामगाराकडून लाचवजा रक्कम, घेत, हे गिरण्यांचा इतिहास वाचणाऱ्यास सांगण्याची गरज नाही. माझ्या धाकट्या काकांनी मात्र ती भिशीची वही असल्याचे तेथेच जाहीर करून टाकले. भिशीत प्रत्येकाची पाळी येते आणि तो रक्कम उचलतो, तर या नावांपुढे सलग अकरा वर्षे पैसे केवळ जमा होत गेले आहेत. हे सर्व मी लिहून एका स्मरणिकेस दिले, तेव्हा संपादकांनी वहीचा परिच्छेद गाळून ‘शेकडो माणसांना कामाला लावले’ एवढेच ठेवले. तो अंक काका आजही पाहुण्यांसमोर ठेवतात.

१९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले चार हुतात्मे यांच्याविषयी आपण अभिमानाने लिहितो, आणि ते लिहिलेच पाहिजे. परंतु त्याच शहरात तारेच्या कुंपणातील सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वसाहत, होती, काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली तेथे ठेवलेली माणसे गिरण्यांत राबत आणि परत येऊन हजेरी देत, आणि हा कायदा देशभरात रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. त्यांच्या नातवंडांना भोंग्याची आठवण विचारून पाहा. शहराच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांच्या घरांतही जा, शक्यतो तेलुगू जाणणाऱ्यास सोबत घेऊन. चादरीच्या कौतुकात मागवाल्याचे नाव येते, त्याच्यासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या आणि उरलेल्या वेळात विड्या वळणाऱ्या बायकोचे येत नाही. गिरणीची वेतनपत्रके, चाळीच्या भाड्याच्या पावत्या, युनियनची पत्रके, जे मिळेल ते जमवा आणि आठवणी त्यांच्याशी ताडून पाहा. आठवणी नकोत असे माझे म्हणणे नाही, पण गोड आठवणींचा अंक काढायचा असेल तर त्यासाठी माझ्या काकांसारखी माणसे पुरेशी आहेत.

एका वहीवरून सारे जॉबर तसेच होते असा निष्कर्ष काढू नये. शिवाय त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर, संपाच्या काळात आजोबांनी यांपैकी काही जणांना धान्यासाठी दिलेल्या रकमा आहेत आणि त्या परत आल्याची नोंद नाही. माझ्या लेखात मी ही पाने घेतली नव्हती, कारण तेव्हा मला काकांना खोटे ठरवायचे होते. आपणास वहीची छायाचित्रे हवी असल्यास अवश्य पाठवीन. छापायची झाल्यास दोन्हीकडची पाने छापावीत.