युद्धनौकेचं मॉडेल करताना किटच्या सूचना, बॉक्सवरचं चित्र आणि जुने फोटो यांत फरक असेल तर कशावर विश्वास ठेवायचा?

तिघांवरही नाही. आधी तारीख ठरवा, मग बघू.

तुम्ही विचारलंय की १:३५० मधल्या क्रूझरचं किट हातात आहे, सूचनापत्रक एक सांगतंय, बॉक्सवरचं चित्र दुसरं, नेटवरचे फोटो तिसरंच, तर खरं कुणाचं मानू, आणि फोटो-एचची (रसायनाने कोरलेल्या पातळ पितळी पत्र्याची) रेलिंग रंगाआधी लावू की नंतर. रेलिंगचं शेवटी सांगतो. पण तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. तुमचा मित्र म्हणाला, "फोटो बघ, फोटो खोटं बोलत नाही." हेच वाक्य, शब्दाला शब्द, सहा वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मला चारचौघांसमोर ऐकावं लागलंय.

मी तेव्हा अकिलीस केली होती. लिअँडर वर्गातली क्रूझर, १३ डिसेंबर १९३९ ला प्लेट नदीच्या मुखाजवळ अजॅक्स आणि एक्सेटरबरोबर जर्मन युद्धनौका ग्राफ श्पेशी लढली ती. किट वगैरे नाही, सगळं प्लॅस्टिकार्डातून, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून कापून. खरी नौका साधारण १६९ मीटर, म्हणजे १:३५० ला ४८ सेंटिमीटर, टेबलावर ठेवली की बघणारा आपोआप वाकून बघतो असा आकार. चौदा महिने लागले आणि त्यातले दोन महिने एका फोटोने खाल्ले.

तो फोटो माझ्याकडच्या सगळ्यांत स्वच्छ होता. बाजूने काढलेला, एकच रुंद धुराडं, मागे समुद्र, तोफांचा धूर, खाली लिहिलेलं "अकिलीस, प्लेट नदीची लढाई, १९३९". बाकीचे खऱ्या १९३९ च्या आसपासचे फोटो धुरकट, लांबून काढलेले. साहजिकच मी स्वच्छ फोटो समोर लावला आणि त्यावरून डोलकाठ्या केल्या. दोन्ही तीन पायांच्या, ट्रायपॉड. पितळी नळीचे पाय, प्रत्येकाचं टोक कानसीने तिरकं घासून वरती एकत्र आणायचं आणि सोल्डरचा एकच थेंब. पुढची काठी तिसऱ्यांदा जमली. इतकी सरळ आली होती की दोन दिवस मी ती हलच्या, म्हणजे नौकेच्या सांगाड्याच्या, शेजारी नुसती उभी करून ठेवली होती.

मग टरेटच्या, म्हणजे तोफा बसवलेल्या फिरत्या बुरुजाच्या, खालच्या गोल पट्ट्या कापायला बसलो. आराखड्यात चार टरेट, पुढे ए आणि बी, मागे एक्स आणि वाय, प्रत्येकात सहा इंची तोफांची जोडी. चार पट्ट्या कापल्या, जागच्या जागी ठेवल्या, सहज फोटोकडे बघितलं आणि मागे टरेट एकच दिसलं. आधी वाटलं धुरात झाकलं असेल. भिंग लावलं. धूर तिथे नव्हताच. एक्स टरेटच्या जागी काहीतरी वेगळंच, ठेंगणं होतं. रात्रीचे साडेबारा झाले होते आणि मी परत परत मोजत होतो, एक, दोन, तीन.

उत्तर सापडायला दोन रात्री गेल्या. ५ जानेवारी १९४३ ला ग्वाडलकनालजवळ अकिलीसच्या एक्स टरेटवर जपानी विमानाचा बॉम्ब पडला. मग ती पोर्ट्समथला रिफिटला, म्हणजे गोदीत दुरुस्ती आणि फेरबदलांसाठी, गेली आणि १९४४ मध्ये बाहेर आली तेव्हा एक्स टरेट गेलेलं, त्या जागी विमानविरोधी पॉम-पॉम तोफा आणि साध्या एकेरी काठ्यांऐवजी ट्रायपॉड. म्हणजे ट्रायपॉड असलेला आणि तीन टरेट असलेला फोटो १९३९ चा असूच शकत नाही. मग खाली १९३९ कुठून आलं? तर १९४८ मध्ये ही नौका भारताने घेतली, तिचं नाव दिल्ली झालं आणि १९५६ साली याच लढाईवर आलेल्या इंग्रजी चित्रपटात दिल्लीनेच अकिलीसचं काम केलं. स्वतःचंच काम, सतरा वर्षांनी मोठी होऊन. अजॅक्सच्या जागी शेफील्ड होती, एक्सेटरच्या जागी जमैका आणि ग्राफ श्पेच्या जागी चक्क अमेरिकन क्रूझर सेलम. माझ्याकडचा फोटो त्या चित्रीकरणातला होता. नौका तीच, समुद्रही खरा, फक्त लढाई ती नव्हे.

दोन्ही ट्रायपॉड काढले. सोल्डर वितळवताना एक पाय वाकला. नव्या काठ्या पितळी सळईच्या केल्या, एकेरी, वरती निमुळत्या होत जाणाऱ्या. मेनमास्टवर (मागच्या डोलकाठीवर) न्यूझीलंडचा झेंडा लावला, कारण लढाईच्या वेळी तो लावलेला होता. आणि पाटीवर लिहिलं "एच.एम.एस. अकिलीस". एच.एम.एन.झेड.एस. नाही, कारण रॉयल न्यूझीलंड नेव्ही हे नाव १ ऑक्टोबर १९४१ पासूनचं, त्याआधी ती रॉयल नेव्हीचा न्यूझीलंड विभाग होती.

आता प्रदर्शन. परीक्षकांत एक ज्येष्ठ होते, सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणायचो, त्यांची शिडाची जहाजं बघून तर मी या छंदात आलो. सर वाकले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मेहनत आहे, पण अभ्यास कमी पडला." मग मोबाईल काढून फोटो दाखवला. तोच फोटो. "हे बघ, तीन टरेट. तू चार केलीस. काठ्या चुकल्या. आणि नावाच्या पाटीवर सुद्धा न्यूझीलंड गायब." मी म्हणालो, सर, हा फोटो १९३९ चा नाही. तर म्हणाले, "खाली लिहिलंय ना? फोटो खोटं बोलत नाही, बाळा." माझी फाईल घरी होती. बॉम्बची तारीख तोंडपाठ होती तरी सहा-सात माणसांसमोर ती जिभेवर आली नाही. शेऱ्याच्या कागदावर "ऐतिहासिक अचूकता" पुढे सगळ्यांत कमी गुण.

नंतर मी त्यांना दोन्ही फोटो शेजारी-शेजारी ठेवून, बाण काढून, तारखा घालून सविस्तर पत्र लिहिलं. एका ओळीचं उत्तर आलं, की छंदात इतका वाद बरा नव्हे. वाद मी नव्हता घातला सर. मी चार टरेट केले होते कारण चारच होते.

असो. तर तुमच्या कामाचं. तुमचं सूचनापत्रक, चित्र आणि फोटो हे तिघं बहुतेक एकाच नौकेच्या तीन वेगळ्या वर्षांबद्दल बोलत असतील आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर असतील. युद्धकाळातली नौका दर रिफिटला बदलते, रडार येतं, बोटी कमी होतात, खालच्या रांगेतल्या गोल खिडक्या पत्र्याने बंद करतात, विमानविरोधी तोफा जिथे जागा मिळेल तिथे बसतात. "मी अमुक नौका करतोय" म्हणून भागत नाही, अमुक नौका अमुक दिवशी, असं म्हणावं लागतं. दिवस ठरला की अर्धे फोटो आपोआप बाद होतात. भगिनी-जहाजाचा फोटो तर अजिबात नको. अजॅक्स आणि अकिलीस एकाच वर्गातल्या, त्या दिवशी एकमेकींच्या जवळून लढल्या, तरी अजॅक्सवर चार इंची तोफा जोडीच्या होत्या आणि अकिलीसवर एकेरी.

आराखडे मिळाले तर ॲज-फिटेड म्हणतात ते शोधा, म्हणजे नौका प्रत्यक्षात जशी पूर्ण झाली तशी काढलेले. बांधायच्या आधीच्या आराखड्यात जे असतं ते सगळं बांधलं जातंच असं नाही. ब्रिटिश नौकांचे ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमकडे आहेत. नौका कुठल्या तारखेला कुठल्या गोदीत होती हे बघायला क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये लॉगबुकं आहेत, एडीएम ५३ या मालिकेत. लॉगबुक वाचायला कंटाळवाणं असतं पण गोदीत गेल्याची आणि बाहेर आल्याची तारीख कळली की कुठला फोटो आधीचा आणि कुठला नंतरचा याचा निकाल तिथेच लागतो.

आणि संग्रहालयात ठेवलेली खरी नौका बघून आलो म्हणजे झालं, असंही समजू नका. लंडनची बेलफास्ट बघा. अंगावर रंग दुसऱ्या महायुद्धातल्या कॅमफ्लाजचा आणि वरचा ब्रिज, जाळीच्या काठ्या १९५९ ला संपलेल्या रिफिटच्या. त्या रंगात त्या काठ्या कधी समुद्रावर गेल्याच नाहीत. तिच्यावरून मापं घ्या, दरवाजे, बोलार्ड, साखळीच्या कड्या, सगळं घ्या, पण तारीख घेऊ नका. स्वीडनच्या वासा या बुडालेल्या जुन्या शिडाच्या जहाजाचं तर १९६१ मध्ये अख्खं जहाजच पाण्यातून वर आलं, समोर उभं होतं, तरी मागच्या नक्षीची पार्श्वभूमी निळी होती असं कित्येक वर्षं धरून चालले. रंगाचे कण तपासले तेव्हा ती लाल निघाली. त्याआधी निळी वासा केलेल्यांची चूक म्हणवत नाही मला, त्यांच्या हातात तेव्हा तेवढंच होतं.

काळ्यापांढऱ्या फोटोवरून रंग ठरवत असाल तर एक गोष्ट नक्की करा. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग घेत नसे, त्यामुळे लाल जवळजवळ काळा उमटतो आणि निळा उगाच फिका. ब्रिटिश नौका असेल तर फोटोत युनियन जॅक कुठे दिसतोय का बघा. त्यातला लाल पट्टा निळ्यापेक्षा गडद दिसत असेल तर फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक आहे आणि त्या फोटोतल्या फिकट राखाडीत निळी झाक असू शकते. नसेल तर पँक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग घेणारी, जरा भरवसा ठेवायला हरकत नाही. दुसरं, निगेटिव्ह उलटी छापलेली असते कधीकधी, डावं-उजवं बदलतं, कॅमफ्लाज करताना याने फार घोटाळा होतो. क्रेन किंवा नांगर, जे दोन्ही बाजूंना सारखं नाही असं काहीतरी आराखड्याशी ताडून बघा.

किटच्या हलवरच्या उठावाच्या पत्र्याच्या रेघांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो, घासून काढा. १:३५० ला ०.१ मिमीचा उठाव म्हणजे खऱ्या नौकेवर ३५ मिमीची पायरी. इतके जाड पत्रे एकमेकांवर चढवून क्रूझर बांधत नाहीत. रिगिंगलाही (काठ्यांच्या दोऱ्या-तारांना) तोच हिशोब, शिवणाचा दोरा लावाल तर मॉडेलवर नळ लावल्यासारखा दिसेल. स्प्रूचा, म्हणजे किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात तिचा, तुकडा गरम करून ओढा, केसाइतका बारीक धागा निघतो.

आणि कुणी फोटो दाखवून तुमची चूक काढली तर शांतपणे तारीख विचारा. फोटोखाली काय छापलंय ते नको, फोटोत काय दिसतंय त्यावरून तारीख. टरेट मोजा, काठ्या बघा, रडार आहे का बघा. वयाने मोठे असले तरी विचारा. मी विचारलं नाही ते आजही खुपतं.

हे सगळं लिहिलं खरं, पण तुमची पहिलीच नौका असेल तर यातलं काही करू नका. किट सूचनेप्रमाणे लावा, पूर्ण करा. अर्धवट पडलेली अचूक मॉडेलं मी खूप बघितली आहेत. आणि फोटो बघूच नका असं माझं म्हणणं नाही, माझी निम्मी फाईल फोटोंचीच आहे. सरांचाही राग नाही म्हणा, शिडाच्या जहाजांतलं त्यांना जेवढं कळतं तेवढं मला या जन्मात कळणार नाही. फक्त त्या दिवशी ते चुकले होते.

रेलिंग: मी डेक आणि वरचे भाग रंगवून घेतो, रेलिंग पत्र्यावर असतानाच प्रायमर मारून वेगळी रंगवतो आणि सगळ्यात शेवटी लावतो, सुपरग्लूचा ठिपका सुईच्या टोकाने. जोडाला ब्रशने रंग टेकवला की झालं. आधी लावणारेही खूप आहेत, पण मग रिगिंग करताना बोट लागून ती वाकतेच.

ते काढलेले ट्रायपॉड मी ठेवलेत, कापसात गुंडाळून, वाकलेला पाय सरळ करून. गेल्या महिन्यात दुसरा हल सुरू केलाय, त्याच आराखड्यावरून. तीन टरेट, ट्रायपॉड, ५ जुलै १९४८, भारताच्या ताब्यात आली त्या दिवशीची. पाटी आधीच करून ठेवलीय, "एच.एम.आय.एस. दिल्ली", कारण आय.एन.एस. व्हायला अजून दीड वर्ष होतं. पुढच्या प्रदर्शनात दोन्ही शेजारी ठेवणार आहे, आणि या वेळी फाईल बरोबर असेल.