राजीनामा लिहून देऊ नकोस

जळगाव, रविवार रात्र

पोरी,

तू पाठवलेला कंपनीच्या पत्राचा फोटो मोबाइलवर नीट वाचता येईना, म्हणून झेरॉक्सवाल्याकडून त्याची प्रिंट काढून आणली आणि चष्मा लावून तीनदा वाचली. दुपारी तुझ्या आईचाही फोन येऊन गेला. "नाना, आते कसं व्हई?" एवढंच विचारत होती माउली. तिला म्हटलं, रात्री पोरीला सविस्तर लिहितो. तेच आता लिहायला बसलोय.

पहिली गोष्ट उद्या सकाळी कामावर जाण्याआधी डोक्यात पक्की कर. मंगळवारी संध्याकाळपर्यंत राजीनामा दे, असं तुला एचआरने तोंडी सांगितलंय. तो द्यायचा नाही. "अनुभवाचा दाखला चांगला देऊ", "दोन महिन्यांचा पगार जास्तीचा देऊ", "नाहीतर पुढे कुठे नोकरी मिळणार नाही" असं काहीही म्हटले तरी द्यायचा नाही. त्यांनी टाइप करून पुढे ठेवलेल्या कागदावर सही करायची नाही आणि त्यांच्या पोर्टलवर 'रिझाइन'चं बटणही दाबायचं नाही.

एवढ्या ठासून का सांगतोय, ते तुला माहीत नाही. आपल्या गल्लीत कोणालाच माहीत नाही.

1997 च्या मे महिन्यात मी इथल्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. नऊ वर्षं झाली होती. एके दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "बसा." नऊ वर्षांत त्या केबिनमध्ये मला पहिल्यांदा खुर्ची मिळाली. कूलर चालू होता, समोर चहा आला. मंदी आहे, स्टोअर बंद करतोय, तुमच्यासारख्या सज्जन माणसाला नोटीस द्यायला बरं वाटत नाही, असं बरंच बोलून झालं. मग कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, 'घरगुती अडचणींमुळे मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.' घरी कसलीही अडचण नव्हती. त्या खुर्चीची आणि चहाची भीड पडली आणि मी सही केली.

पाच आठवड्यांनी हिशेबाचे पैसे आणायला गेलो, तर स्टोअरची खिडकी उघडी. आत एक कोवळा पोरगा बसलेला आणि बिनकार्डांवर, म्हणजे मालाच्या आवक-जावकीच्या कार्डांवर, माझ्या अक्षराखाली त्याचं अक्षर सुरू झालेलं. तिथून सायकल तडक कामगार कार्यालयात नेली. तिथल्या अधिकाऱ्याने कागद वाचला, परत माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तुम्ही स्वतःच लिहून दिलंय की." तो माणूस चांगला होता, पण त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. मालकाने कामावरून कमी केलं तर कायद्याने त्याला कामगार कपात म्हणतात आणि तिला अटी लागतात. माणूस स्वतःहून सोडून गेला तर त्यातली एकही अट लागत नाही. माझ्या सहीने मालकाची सगळी जबाबदारी पुसून टाकली. म्हणून म्हणतो, काढायचं असेल तर त्यांनी काढावं आणि तसं स्वतःच्या लेटरहेडवर लिहून द्यावं.

आता तुझ्या पत्राकडे येतो. 'पुनर्रचनेमुळे आपले पद रद्द करण्यात येत आहे' एवढंच त्यात आहे. नोटीस किती दिवसांची, भरपाई किती, लॅबमधल्या चौघांतून तुझंच पद का, यावर एक शब्द नाही. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न साधा आहे : काम संपलं, की कामावरचं माणूस नकोसं झालं? तुमचा कारखाना आयएस 4985 या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा पीव्हीसी पाइप काढतो. टेस्ट थांबल्या तर पाइपवर शिक्का मारता येत नाही. लाइन तर तीन शिफ्टमध्ये चालू आहे, हे तूच सांगितलंस. म्हणजे प्रेशर टेस्ट होणार, इम्पॅक्ट होणार, तापवल्यावर पाइप किती आकसतो ते पाहायला ओव्हनमध्ये रिव्हर्शनचे तुकडे जाणार आणि रजिस्टरवर कोणाची तरी सही होणार. तुझं काम जागेवरच आहे. त्यात तुझ्या मैत्रिणीने पाठवलेली 'लॅब केमिस्ट पाहिजे' ही जाहिरात तुझ्या पत्राच्या चार दिवस आधीची. आणि त्याच्या तीन महिने आधी, न झालेल्या टेस्टवर सही करायला तू नकार दिला होतास. हा सगळा क्रम योगायोग असू शकतो. पण त्याचा खुलासा मागायचा तुला पूर्ण हक्क आहे, आणि खुलासा त्यांनी द्यायचा आहे.

कायदा थोडक्यात सांगतो. आमच्या वेळी 1947 चा औद्योगिक विवाद कायदा होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, पण कपातीची मुळं तीच राहिली. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचं तर कारण सांगून एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार आणि सरकारला कळवणं, हे तिन्ही लागतं. त्या-त्या प्रकारच्या कामात जो शेवटी आला तो साधारणपणे आधी जातो. तो क्रम मोडायचा तर कारण लिहून ठेवावं लागतं. तुमच्या लॅबमध्ये तुझ्यानंतर आलेले दोघं आत आहेत आणि तू बाहेर, म्हणून हे कारण आपण मागायचंच. शिवाय कपातीनंतर वर्षभरात तिथे भरती निघाली, तर काढलेल्या माणसाला आधी विचारावं लागतं. ती जाहिरात तारखेसकट जपून ठेव.

सरकारची आधी परवानगी लागते का, असं तू विचारलंस. ती 300 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना लागते. जुन्या कायद्यात ही मर्यादा 100 होती. तुमच्याकडे सगळे मिळून 180, म्हणून तो मुद्दा सोडून दे. 'तू सुपरवायझर, तुला कामगार कायदा लागू नाही' असं ते म्हणतील, त्याला मात्र घाबरू नकोस. पदाचं नाव काय यापेक्षा रोज हाताने काय काम करतेस ते पाहिलं जातं. तू नमुने कापतेस, मशिनवर लावतेस, आकडे लिहितेस. हे तांत्रिक काम झालं. तुझ्या हाताखाली ना कोणी माणूस, ना कोणाची रजा मंजूर करायचा अधिकार.

आता पैशाचा हिशेब, कारण 'दोन महिन्यांचा पगार' ऐकून आई थोडी भुलली आहे. तुझा पगार 19,500, नोकरी 6 वर्षं 7 महिने. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे 7 वर्षं. ढोबळ मानाने भरपाई 9,750 गुणिले 7, म्हणजे 68,250. नोटिशीऐवजी एक महिन्याचे 19,500. दोन्ही मिळून 87,750. ते देऊ करतायत 39,000, आणि तेही तुझ्या राजीनाम्याच्या बदल्यात. नव्या संहितेत कमी केलेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी, म्हणजे नवं काम शिकायला मदतीचा निधी आहे. त्यात मालकाने 15 दिवसांचा पगार भरायचा असतो आणि तो 45 दिवसांत तुझ्या खात्यात यायला हवा. ग्रॅच्युइटी याहून वेगळी. 15,600 मूळ पगारावर 15 भागिले 26 धरून वर्षाला 9,000, सात वर्षांचे 63,000. पाच वर्षं पूर्ण झाल्यामुळे ती राजीनामा दिला तरी मिळतेच, म्हणून ती 'आम्ही देतोय' अशा थाटात कोणी सांगितली तर ऐकून घेऊ नकोस.

उद्या ईमेल पाठव आणि तोच मजकूर स्पीड पोस्टनेही पाठव. पावती आईच्या डब्यात ठेव. भाषा साधी असू दे, राग नको, आरोप नको. मी लिहिलं असतं ते असं :

'आपले पत्र मिळाले. मी राजीनामा दिलेला नाही व देणार नाही. माझे पद रद्द करण्याचे कारण, माझ्या विभागाची ज्येष्ठता यादी आणि माझ्या देय रकमेचा तपशील लेखी द्यावा. माझ्यानंतर रुजू झालेले कर्मचारी कामावर असताना माझी निवड कोणत्या आधारे झाली ते कळवावे. मी कामावर हजर राहण्यास तयार आहे.'

शेवटचं वाक्य अजिबात गाळू नकोस. बुधवारपासून गेटवर अडवतील, असं मला वाटतं. अडवलं तरी दोन-तीन दिवस तुझ्या शिफ्टच्या वेळेला गेटवर जा. रखवालदाराशी वाद घालू नकोस, त्या बिचाऱ्याची नोकरी ठेकेदाराकडे आहे. परत येऊन त्याच दिवशी मेल टाक : आज सकाळी 7.50 ला हजर झाले, आत सोडलं नाही. नाहीतर महिन्याभराने 'कर्मचारी न कळवता गैरहजर' असं पत्र घरी येतं. अशी पत्रं मी या हातांनी किती जणांसाठी वाचली आहेत.

आणि एक बजावून सांगतो. लॅबचं रजिस्टर किंवा टेस्ट रिपोर्ट मोबाइलमध्ये काढून आणू नकोस. मोह होईल, कारण खरं त्याच पानांवर आहे. पण कपातीचा वाद कागदचोरीच्या चौकशीवर जाईल आणि तू विनाकारण गुन्हेगाराच्या खुर्चीत बसशील. रजिस्टर समोर आणायला लावायचं काम पुढे औद्योगिक न्यायाधिकरण, म्हणजे कामगारांचे वाद चालवणारं न्यायालय, करू शकतं. तू फक्त घरी वहीत आठवेल ते तारखेनिशी लिही : कोणत्या दिवशी, कोणत्या लॉटवर सही मागितली, कोण हजर होतं. आज आठवतंय ते सहा महिन्यांनी आठवत नाही. स्वतःच्या पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र, पीएफचं पासबुक, बँकेचा उतारा हे तुझं आहे, ते सगळं काढ.

पैसे खात्यात टाकले तर परत करू नकोस. घर चालवायचंय. फक्त त्याच दिवशी कळव की ही रक्कम माझा वाद कायम ठेवून स्वीकारत आहे. 'सर्व येणे मिळाले, कोणतीही तक्रार नाही' अशा छापील पावतीवर सही मागतील, ती करायची नाही.

खोटी आशा लावणं मला जमत नाही, म्हणून हेही लिहितो. कारखान्याची घडी कशी बसवायची, किती माणसं ठेवायची, हे मालकाने ठरवायचं असतं, आणि प्रामाणिकपणे ठरवलं असेल तर न्यायालय त्यात पडत नाही. उद्या त्यांनी दाखवून दिलं की लॅबचं काम खरंच कमी झालं, क्रम मोडायला सबळ कारण होतं आणि सगळे पैसे वेळेवर दिले, तर आपण हरू. जिंकलो तरी नोकरी परत मिळेलच असं नाही. अलीकडे बरेचदा तिच्याऐवजी रक्कम देतात. वेळही लागतो. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतली कपात 1992 सालची. ज्येष्ठता यादी आणि बाकीच्या अटी न पाळल्यामुळे ती बेकायदा होती, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं तेव्हा 2015 उजाडलं होतं. इतकी वर्षं कोणाचंही तरुणपण थांबत नाही. म्हणून दुसरीकडे काम मिळालं तर घे. त्याने दावा मरत नाही, फक्त मागच्या पगाराच्या हिशेबात ती कमाई धरली जाते. तू घरी बसून झुरत राहावंस आणि आम्ही त्याला लढा म्हणावं, हे मला नको आहे.

पण बहुतेक प्रकरणं तिथवर जातच नाहीत. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज दिला की दोन्ही बाजूंना बोलावतात. समोर सरकारी माणूस बसला की एचआरची भाषा बदलते, हे मी स्वतः पाहिलंय. 45 दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट न्यायाधिकरणाकडे जाता येतं. मुदत दोन वर्षांची आहे, पण आपण दोन आठवडेही घालवायचे नाहीत. वकिलाच्या फीची काळजी आईने करू नये. 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली महिलांना आणि औद्योगिक कामगारांना, मिळकत कितीही असली तरी, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. तू दोन्हींत बसतेस.

तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य मला फार लागलं. 'नाना, मीच कुठेतरी कमी पडले असेन.' पोरी, पत्रात तुझ्या कामाबद्दल एक अक्षर नाही. पद रद्द केलंय असं ते स्वतःच म्हणतायत. मग तू कशाला त्यात आपला दोष शोधून घालतेस? न झालेल्या टेस्टवर तू सही केली नाहीस. तो पाइप कोणाच्या तरी गावात पिण्याचं पाणी नेणार होता. मला तुझा अभिमान वाटतो, आणि हे मी तुझ्या आईलाही आज फोनवर सांगितलं.

गुरुवारी सकाळी गेटवर जाऊन मेल टाकून झाली की तशीच इकडे ये. धरणगावहून निघतानाच सगळे कागद घे, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स काढ आणि मूळ प्रती प्लास्टिकच्या पिशवीत वेगळ्या ठेव. अर्ज मी लिहून ठेवतो. तू वाचून काय बदलायचं ते सांग, सही तुझी आहे. अकराला कार्यालयात पोहोचू आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. जेवायला घरीच चल, काकू भरीत आणि कळण्याची भाकरी करणार आहे.

उद्याची मेल पाठवण्याआधी मला दाखव. मी पाचला उठलेला असतो.

तुझा,
नाना