'तारा' हे नाव आयरिश की आपलं?

डब्लिनमध्ये जन्मलेल्या लेकीचं नाव तारा ठेवायचंय, पण शेजारी म्हणतात हे आयरिश आणि सासूबाई म्हणतात आपलं, मग खरं कोणाचं, असं तुम्ही विचारलंय. दोघांचंही खरं आहे. मुळात ही दोन वेगळी नावं. उच्चार तेवढा जुळलाय.

आयर्लंडमधली तारा म्हणजे मीथ परगण्यातली टेकडी, जुन्या राजांची गादी. तिथे 'लिया फॉल' नावाची उभी शिळा आहे. खऱ्या राजाचा स्पर्श झाला की ती गर्जते अशी आख्यायिका. मुलींना हे नाव देणं मात्र बरंच अलीकडचं. 'गॉन विथ द विंड' (1936) या कादंबरीत आयर्लंडहून आलेला माणूस आपल्या मळ्याला तारा म्हणतो; 1939 च्या चित्रपटानंतर अमेरिकेत मुलींची नावं तारा ठेवू लागले. सर्बियातही तारा भरपूर आहेत, आणि शेजारच्या माँटेनेग्रोत त्याच नावाची नदी वाहते.

आपल्या ताराचे अर्थ दोन. एक चांदणी: वेदातलं 'स्तृभिः', फारसी 'सितारा', इंग्रजी 'स्टार' ही सगळी एकाच कुळातली. दुसरा 'तृ' धातूवरून, तारून नेणारी. बौद्धांची तारा ती हीच. आठ महाभयांतून सोडवते, त्यांत बुडण्याचं भयही येतं. तिबेटी लोक तिला डोल्मा म्हणतात, अर्थ तोच. वेरूळ आणि औरंगाबादच्या लेण्यांत तिच्या मूर्ती आहेत, सुट्टीत आलात की लेकीला जरूर दाखवा.

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती रामायणातली तारा. सुग्रीव मार खाऊन पळतो आणि लगेच परत येऊन आव्हान देतो. वाली तावातावाने निघतो, तेव्हा ती त्याला अडवते: इतक्यात परत आला म्हणजे पाठीशी कोणीतरी आहे, अंगदाने रामाची बातमी आणलीय, भावाशी समेट करा. वाली ऐकत नाही आणि जिवाला मुकतो. आणि मी कोल्हापूरची, त्यामुळे ताराराणी आल्याच! 1700 मध्ये राजाराम महाराज गेल्यावर औरंगजेबाच्या मरणापर्यंत, म्हणजे 1707 पर्यंत, लढा त्यांनीच चालवला.

नाव बिनधास्त ठेवा. स्पेलिंग दोन्हीकडे एकच, कागदपत्रांना अडचण नाही. शाळेत 'टारा' म्हणतील. बाईंना सुरुवातीलाच 'त' म्हणून दाखवा.