समुद्राकाठी स्टीलचं शिल्प उभं करणार असशील तर

मॉडेल झकास झालंय, पण आधी वाऱ्याचा हिशेब कर. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या भाग ३ मध्ये मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, पुण्यासाठी ३९. पाया आणि अँकर बोल्ट स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच काढू दे. ओळखीतून नुसती सही आणू नकोस.

कॉर्टेनचा, म्हणजे वरच्या गंजाच्या थरानेच आतला धातू राखणाऱ्या स्टीलचा, मोह मला कळतो. शिकागोतलं पिकासोचं १९६७ चं शिल्प त्याचंच आहे. पण त्याच्या गंजाचा थर घट्ट बसायला आळीपाळीने ओल आणि कोरडी हवा लागते. खाऱ्या वाऱ्यात तो धरत नाही, पत्रा खात राहतो. तिथे ३१६ ग्रेडचं स्टेनलेस घे. ३०४ स्वस्त पडतं, पण त्यावर तपकिरी डाग येतात.

पोकळ भागात पाणी साचतंच, तळाला निचऱ्याची भोकं हवीत. गॅल्व्हनायझिंग, म्हणजे जस्ताचा थर, करणार असशील तर बंद पाइपला हवेची भोकंही ठेव. साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात आतल्या ओलीची वाफ होऊन पाइप फुटतो, माणसं भाजतात. ही भोकं ड्रॉइंगवरच दाखव, वेल्डरच्या आठवणीवर सोडू नकोस.

पातळ पत्र्यावर सलग वेल्ड मारलास की तो वाकणार. आधी टॅक, म्हणजे छोटे ठिपक्यांसारखे वेल्ड, मग थोडं इकडे, थोडं तिकडे. आणि हो, ट्रेलरवर मावतील एवढेच तुकडे कर. उचलायचे हूक कुठे हवेत ते क्रेनवाल्याला आधीच विचार.