वाचनालयाच्या साइटला यासी जोडताना

खानापूरच्या वाचनालयाच्या साइटला यासीचा (YaCy, अनेकांच्या संगणकांनी मिळून चालवलेलं शोधयंत्र) शोध जोडतोयस, फार बरं वाटलं. आधी राउटरवर ८०९० पोर्ट, म्हणजे यासीला बाहेरून येण्याची वाट, उघड. बाहेरून पोचता येत नसेल तर तुझा पीअर, म्हणजे या जाळ्यातला तुझा संगणक, ज्युनिअरच राहतो. पोचता आलं की सिनिअर होतो आणि इतरांच्या शोधांनाही थेट उत्तरं देतो. आपल्या बेळगाव भागात, विशेषतः मोबाइल इंटरनेटवर, सार्वजनिक आयपी, म्हणजे बाहेरून पोचता येईल असा पत्ता, मिळेलच असं नाही. सेवा देणाऱ्याला आधीच विचार.

क्रॉल, म्हणजे पानं वाचून त्यांचा शोधासाठी निर्देशांक बनवणं, मात्र जपून कर, बाबा. सभासदांची यादी, फोन नंबर असलेली पानं सगळ्यात आधी वगळ. निर्देशांकाचे तुकडे एकदा दुसऱ्यांच्या मशिनवर गेले की परत मागवता येत नाहीत.

शोधपेटीत सुरुवातीला स्थानिक निकालच दाखव. ते लगेच येतात. जगभरच्या पीअरची वाट बघत वाचक थांबत नाही.