आधी टेप, मग सल्ला

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्या बाईंचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, केमो आणि रेडिएशन संपलं, आता लेट्रोझोलची, म्हणजे शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणारी, २.५ मिलिग्रॅमची गोळी रोज चालू आहे. सकाळी बोटं मिटत नाहीत, गुडघे धरतात, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, दुपारी अंगात त्राण राहत नाही. बरोबर पिशवीभर बाटल्या: हळदीच्या कॅप्सूल, अश्वगंधा, गुळवेलीचा काढा. एक जण सांगतो सूर्यनमस्कार घाला, दुसरा सांगतो ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने कपसुद्धा उचलू नका. आणि तू मला विचारतेस, 'यातलं कोणाचं ऐकू?'

कोणाचंच ऐकू नकोस. आधी मोज.

तू पाठवलेल्या चार पानांत सगळ्यांची मतं आहेत, पण आकडा एकही नाही. 'हात जड वाटतो' असं लिहिलंस. दुसऱ्या हातापेक्षा किती सेंटिमीटर? 'खांदा आखडलाय.' किती अंशांवर अडतो? 'थकवा फार आहे.' शून्य ते दहामध्ये किती, आणि कोणत्या वेळी? हे लिहिलेलं नसेल तर महिन्याने तुझ्या उपचाराचा गुण आला की नाही हे तुला कळणार कसं? बाई चांगल्या स्वभावाच्या असतील तर तुला बरं वाटावं म्हणून 'बरं आहे' म्हणतील. त्यावर विसंबू नकोस.

टेप कशी लावायची ते सांगते, कारण इथेच बहुतेक चुका होतात. शिंप्याची जुनी कापडी टेप घेऊ नकोस, ती ताणून लांब झालेली असते. फायबरग्लासची घे आणि प्रत्येक वेळी तीच वापर. बाईंना बसव, हात टेबलावर, तळवा खाली. चार जागा: बोटांच्या मुळाशी तळहाताचा घेर, मनगट, कोपराच्या बाहेरच्या हाडापासून खाली १० सेंमी आणि वर १५ सेंमी. आधी पेनाने खूण कर, मग टेप लाव. टेप त्वचेला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. दोन्ही हात मोज, दर वेळी दिवसाच्या त्याच वेळी, कारण सकाळचा हात आणि संध्याकाळचा हात एक नसतो. कोणत्याही जागी २ सेंमी किंवा जास्त फरक आला तर त्याच आठवड्यात लिम्फिडिमाचं, म्हणजे काखेतल्या गाठी काढल्यावर हातात येणाऱ्या सुजेचं, काम जाणणाऱ्याकडे पाठव. रोज जास्त वापरातला हात, बहुतेकींचा उजवा, मुळातच थोडा जाड असू शकतो हे लक्षात ठेव. म्हणूनच एका आकड्यापेक्षा दोन तारखांमधला फरक मोठा.

टेपच्याही आधी ब्लाउज सांगतो. संध्याकाळी बाही काढल्यावर दंडावर तिच्या कडेचा लाल वळ राहतो का, आणि तो एकाच दंडावर राहतो का, हे विचार. बांगडी कोणत्या हातातून निघत नाही ते विचार. 'सूज आहे का?' म्हटलं की 'नाही' असं उत्तर येतं. बाहीचं विचारलं की खरं कळतं.

आता 'कप उचलू नका' याबद्दल. आमच्या पिढीने हे वर्षानुवर्षं सांगितलं, मीही सांगितलं, आणि त्याचा सल मनातून जात नाही. हात जपता जपता आम्ही बायकांचे हात दुबळे केले, आणि दुबळ्या हाताला घरातली साधी कळशीही जड होते. अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ या संशोधिकेने हे मोजून पाहिलं. २००९ मध्ये आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला: आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली वजनं उचलून सूज वाढली नाही, उलट ती अचानक उसळण्याचे प्रसंग कमी झाले. पुढच्या वर्षी सूज नसलेल्या १५४ जणींचा अभ्यास आला. वजनं उचलणाऱ्यांत ११ टक्क्यांना सूज आली, न उचलणाऱ्यांत १७ टक्क्यांना. म्हणजे भीती मनात होती, पण ती मोजली कोणीच नव्हती.

तेव्हा अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपासून सुरू कर, तेच अर्धा किलो. दहा-दहाच्या दोन फेऱ्या, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा. मग तीन फेऱ्या. सलग दोन वेळा तीन फेऱ्या सहज झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी हात जड वाटला नाही, अंगठी घट्ट झाली नाही, तरच पुढचं लहानात लहान वजन. आठवड्याहून मोठा खंड पडला तर वजन कमी करून पुन्हा चढ. घोटाळा होतो तो इथेच: लग्नकार्यासाठी पंधरा दिवस गावी जाऊन आल्यावर बाई थेट जुन्याच वजनावर येतात. सूज असेल तर व्यायामाच्या वेळी मापाची स्लीव्ह, म्हणजे हात दाबून धरणारी बाही, हवी. दुकानात मिळेल ती नको, सैल स्लीव्ह निरुपयोगी आणि वरची कड रुतणारी घातक. हात लाल, गरम झाला, ताप आला, तर व्यायाम, मसाज सगळं बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. ते जंतुसंसर्गाचं लक्षण आहे, तिथे लेप लावत बसायचं नाही.

खांद्यासाठी भिंत पुरे. भिंतीकडे तोंड, पावलं भिंतीपासून वीतभर, बोटं वर चढवत न्यायची, ताण जाणवला की थांबून पाच संथ श्वास. दुखणं दहापैकी तीनच्या पुढे जाता कामा नये. दर रविवारी सगळ्यात उंच पोचलेल्या बोटापाशी पेन्सिलीची रेघ आणि तारीख. काखेतून कोपराकडे ताणलेली तार बोटांना लागली तर घाबरू नकोस, ती हळूहळू मऊ होते, ओढून तोडायची नाही.

योगाबद्दल तू जरा जास्त भारावलेली आहेस, म्हणून स्पष्ट लिहिते. योगाचा उपयोग आहे. २०१३ मध्ये ४१० जणांच्या अभ्यासात, त्यांत बहुतेक स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या स्त्रिया, चार आठवडे आठवड्यातून दोनदा ७५ मिनिटं सौम्य आसनं, श्वसन आणि ध्यान केल्यावर झोप सुधारली. सौम्य, हा शब्द वाच. शीर्षासन, सर्वांगासन नाही. लेट्रोझोलने हाडं विरळ होतात, म्हणून हाडांच्या घनतेचा डेक्सा रिपोर्ट पाहिल्याशिवाय खोल पुढे वाकणं आणि जोराचे पीळ नाहीत. सूर्यनमस्कारात हातांवर बराच भार येतो, तो आधी भिंतीवर, मग टेबलावर, मग जमिनीवर. पहिल्या महिन्यात शवासन, खुर्चीवरची आसनं, मिनिटाला सहाच्या आसपास संथ श्वास. आणि आधीचा झोपेचा आकडा लिहिलेला असू दे: किती वाजता पडल्या, किती वाजता उठल्या, मध्ये किती वेळा जाग.

सांधेदुखीचं तर नीट ऐक, कारण त्यापायी बायका गोळी गुपचूप सोडून देतात, आणि गोळी आजार परतू नये म्हणून आहे. २०१५ च्या एका अभ्यासात अशाच गोळ्या घेणाऱ्या १२१ जणींपैकी ज्यांनी आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि दोनदा वजनं हे वर्षभर केलं, त्यांचं सर्वांत तीव्र दुखणं २९ टक्क्यांनी उतरलं. ॲक्युपंक्चरचाही चांगला अभ्यास आहे, २०१८ चा, २२६ जणींचा. सहा आठवड्यांत दुखणं कमी झालं. फक्त ऑपरेशनच्या बाजूच्या हातात सुया नकोत असं आधीच सांग. एवढं करूनही आकडा हलला नाही तर ऑन्कोलॉजिस्ट, म्हणजे कर्करोगाचे डॉक्टर, गोळी बदलून पाहतात. पण एकाच हाडात, रात्री वाढणारं, नव्याने सुरू झालेलं दुखणं असेल तर तो तुझा विषय नाही, तडक त्यांच्याकडे.

थकव्याला लगेच टॉनिक देऊ नकोस. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ यांचे रिपोर्ट आधी. गळ्याखाली रेडिएशन झालं असेल तर थायरॉइड विसरूच नकोस. रिपोर्ट ठीक असतील तर दहा मिनिटं चालण्यापासून सुरुवात, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढ. ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी सगळं घर आवरायचं आणि पुढचे दोन दिवस आडवं व्हायचं, हे चक्र वहीत लगेच दिसतं.

आता ती पिशवी. वरणातली, भाजीतली हळद राहू दे. कॅप्सूल वेगळी. नेदरलँड्समधल्या २०१९ च्या अभ्यासात टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कर्करोगावरची दुसरी गोळी घेणाऱ्यांना हळदीतलं कर्क्युमिन दिल्यावर औषधाच्या कामाच्या रूपाची, एंडॉक्सिफेनची, रक्तातली पातळी घटली, आणि सोबत मिऱ्यातलं पिपरिन होतं तेव्हा जास्त घटली. या बाई लेट्रोझोलवर आहेत, पण तुझ्या गटातल्या टॅमॉक्सिफेनवाल्यांना आजच विचार. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत, अश्वगंधेबाबतही अशा नोंदी आहेत. म्हणून बाटल्या लपवू देऊ नकोस: नाव, मात्रा, कधीपासून, सगळं एका कागदावर लिहून ऑन्कोलॉजिस्टच्या हातात. केमोने येणाऱ्या बोटांच्या मुंग्यांसाठी कोणी ॲसिटिल-एल-कार्निटिन नावाची पूरक गोळी सुचवली तर नको म्हण. केमोच्या काळात ते दिलेल्या बायकांच्या मुंग्या उलट वाढल्या. सोयाबीनला मात्र उगाच घाबरवलंय. शांघायच्या ५,०४२ स्त्रियांच्या पाहणीत जेवणातल्या सोयाने आजार परतण्याचं प्रमाण वाढलं नाही, ते कमीच दिसलं. सोयाच्या गोळ्या नकोत, एवढंच. आणि नाचणीची भाकरी सांग: १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं.

मला हट्टी म्हणतात हे मला माहीत आहे. ओपीडीत रांग लागलेली असताना टेपला दहा मिनिटं घालवते, असं म्हणतात. घालवते. ॲलोपॅथी, आयुर्वेद, योग यांच्या भांडणात बाईची बाजू घेणारं त्या खोलीत दुसरं काही नसतं. वही कोणत्याच पंथाची नसते. आकडा सुधारला तर आसन ठेव, नाही सुधारला तर सोड, मग ते मी सांगितलेलं का असेना.

त्या मंगळवारी येतील ना? त्यांना सैल बाहीचा ब्लाउज घालून यायला सांग, पिशवी आणि डेक्साचा रिपोर्ट बरोबर. पहिली दहा मिनिटं काही शिकवू नकोस. चार जागांची मापं, दोन्ही हात, तारखेसकट, संध्याकाळी मला पाठव. तुझं मत बुधवारी लिही.

तुझी,
ताई